बरचीच्या खिंडीतला पन्नासावा

आधी ती काठी आडवी ठेवा पाहू. आणि तुमच्या त्या घडीच्या काठ्यासुद्धा. पाठीवरचं ओझं उतरवा, पाणी प्या, सावली बघून बसा, पण या खिंडीत काठी उभी रोवायची नाही. खेकसलो म्हणून वाईट वाटून घेऊ नका. चढून आलेल्या प्रत्येकावर मी आधी खेकसतो आणि मग गूळपाणी देतो. कुंभळवण्याचा गुरव आहे मी, आमच्या घराण्याला हे खेकसण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या लागलेलं आहे.

तो कातळ दिसतो ना, मधोमध भोक असलेला? त्याच्या शेजारी बरची, म्हणजे लांब भाला, आडवी पडलेली आहे. पातं जुनं, गंजून तांबडं झालेलं. वेळू मात्र दर दसऱ्याला नवा घालतो, कारण लाकूड काही शेकडो वर्षं टिकत नाही. त्या भोकात पूर्वी ही बरची उभी होती. आता कोणी उभी करत नाही, आणि का करत नाही ते ऐकूनच खाली उतरा. ऐकल्याशिवाय उतरलात तर मला चुकल्यासारखं वाटतं.

असं सांगतात की त्या काळी समोरच्या मोरकडा गडावर शिबंदी होती, आणि ही खिंड गडाच्या घशासारखी होती. इथून आत शिरला की गनीम थेट खोऱ्यात. म्हणून खिंडीवर एक हवालदार नेमलेला असे. पाच नाईक, प्रत्येक नाइकाच्या हाताखाली नऊ पाईक, अशी पन्नास माणसं त्याच्या हुकमात. साध्या पाइकाच्या हाती ढाल-तलवार. हवालदाराच्या हाती मात्र सहा हात वेळूची बरची, वर पातं, पात्याखाली लाल गोंडा आणि तळाला लोखंडी अणी. लढता लढता धुरळ्यात काही दिसेना झालं, तर माणसं तो गोंडा शोधत. गोंडा पुढे गेला की पुढे जायचं, मागे आला की मागे यायचं. भांडायला हत्यार तेच आणि हुकूमही तोच.

हवालदाराचं नाव रुमाजी. कडक माणूस, पण हाताखालच्याला उपाशी ठेवून जेवणारा नव्हे. पाच नाइकांतला एक त्याचा सख्खा मेहुणा होता, हैबती. रुमाजीच्या बायकोचा, भागूचा, पाठचा भाऊ. दर मुलुखगिरीला निघताना भागू नवऱ्याच्या कपाळाला कुंकू लावायची आणि एकच वाक्य म्हणायची, "माझा भाऊ जसा नेताय तसा आणा." रुमाजी हसून मान हलवायचा. तोवर दर वेळी त्यानं आणलाही होता.

आता याच्या दोन वर्षं आधी काय झालं, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. खाली नदीच्या उतारावर रुमाजीची माणसं पहारा देत होती आणि रुमाजी कामाला पलीकडे गेला होता. एक अनोळखी माणूस धापा टाकत आला. हातात रुमाजीची अंगठी. "हवालदारांनी समद्यांना बोलावलंय, चला." माणसं विश्वासानं उठून गेली. अंगठी चोरलेली होती. उतार मोकळा सापडला, गनीम आत शिरला आणि एक अख्खी वाडी जळाली. त्या वाडीतल्या एका म्हातारीनं जळक्या चौकटीत उभं राहून रुमाजीला विचारलं म्हणे, "तुझी मान्सं कुठं रं गेलती?" तो घाव त्याला आयुष्यभर पुरला.

त्यानंतर त्यानं साऱ्यांना देवीच्या दारात उभं केलं आणि बेलभंडार उचलायला लावला. शपथ अशी: बरची उभी तोवर आम्ही उभे. निरोपावर उठायचं नाही, अंगठीवर नाही, पागोट्यावर नाही. हवालदार स्वतः येईल, आपल्या हातानं बरची उपटील, 'उठा, चला' म्हणेल, तेव्हाच जागा सोडायची.

हैबती थट्टेखोर. त्यानं विचारलं, "आन दाजी, तुमीच मेलात तर?"

"मग तुमीबी मरा," रुमाजी म्हणाला. सगळे हसले. शपथ घेताना हसू नये म्हणतात, पण हसले खरे.

तर अशी ती माणसं या खिंडीत आली आणि रुमाजीनं त्या कातळाच्या भोकात बरची रोवली. महिना गेला. पन्नासातला एक जण हिवतापानं गेला. चार दिवसांनी त्याच्या जागी गडावरून एक नवा माणूस आला. पोरसवदा नव्हे, चाळिशीचा, मिशीत पांढरे केस, डावा कान फाटलेला. आला तेव्हा रुमाजी दगडांची आडभिंत रचून घेत होता, घामानं निथळत होता, वैतागला होता. तो माणूस मुजरा करून बोलायला लागला, "जी, मी..."

"नाव मग सांग," रुमाजी म्हणाला. "आधी तिकडं उभा ऱ्हा."

तो जाऊन उभा राहिला. हैबतीनं त्याच्याकडून बेलभंडार उचलवून घेतला, त्याच्या हातात ढाल दिली. तो पन्नासावा. तीन दिवस तो रुमाजीच्या डोळ्यांसमोर होता, दगड उचलत होता, भाकरी खात होता. नाव विचारायचं राहून गेलं. राहतं हो असं, कोण मुद्दाम करतं?

तिसऱ्या दिवशी गडावरून बोलावणं आलं. किल्लेदारानं रुमाजीला एकट्याला वर बोलावलं होतं. बरची बरोबर घ्यावी तर शपथेप्रमाणे खिंड सोडावी लागणार, म्हणून ती त्यानं तशीच उभी ठेवली. निघताना हैबती म्हणाला, "बिगीनं या दाजी. तुमी आल्याबिगर आमाला हलता यायचं न्हाई."

"उद्या येतो," रुमाजी म्हणाला.

गडावर तह झाला होता. पलीकडच्या अंगानं पडलेल्या वेढ्यानं दाणागोटा संपला होता, किल्लेदारानं गड सोडायचं कबूल केलं होतं. शिबंदीनं हत्यारांसकट मानानं बाहेर पडायचं, कोणी कोणाला हात लावायचा नाही. एकच अट गनिमानं बजावून सांगितली होती. उद्या सूर्य उगवताना खिंड रिकामी दिसली पाहिजे. तिथं हत्यारबंद माणूस दिसला, तर दगा समजू.

रुमाजीनं ऐकलं आणि त्याला हायसं वाटलं. लढाई नाही. हैबती धडधाकट घरी जाणार. तो लगेच उठलासुद्धा. अजून दुपार होती, दिवस मावळायच्या आत तो खिंडीत पोचला असता.

पण किल्लेदार म्हणाला, "थांब. शिबंदीच्या पुढं चालायला जुमलेदार पाहिजे. आपला जुमलेदार वेढ्यात पडला. उद्या उजाडताच देवीसमोर तुला त्याची बरची द्यावी म्हणतो. तू नसशील, तर जिवबा हवालदार आहे."

आणि त्यानं ती हवालदाराहून वरच्या हुद्द्याची बरची दाखवली. आठ हात लांब, दोन गोंडे, पात्याखाली चांदीचं कडं. रुमाजीचा बाप आयुष्यभर साधा पाईक होता आणि ढाल छातीशी धरून मेला. त्या घराण्यात चांदीचं कडं कोणी हातात धरलं नव्हतं. जिवबा बाजूलाच उभा राहून ती बरची बघत होता.

लोक म्हणतात रुमाजीला शपथेचा विसर पडला. माझे आजे म्हणायचे, विसर नाही पडला. आठवलं त्याला, चांगलं आठवलं. पण मन मोठं लबाड असतं. ते म्हणालं, हैबती काय दुधखुळा आहे? तह झालाय म्हटल्यावर उठेल की. त्यानं एका जासुदाला बोलावलं, निरोप दिला, "हैबती नाइकाला सांग, तह झाला. उठा, चला. उगवतीच्या आत खिंड रिकामी करा." आणि स्वतः गडावर राहिला.

जासूद उन्हं कलताना खिंडीत पोचला. त्यानं निरोप सांगितला. हैबती हसला, त्याला भाकरी दिली, म्हणाला, "जा, दाजींना म्हणावं सोता या." जासुदानं सूर्योदयाची अट सांगितली, तेव्हा मात्र त्याचं हसू गेलं. जासूद चिडून स्वतःच बरची उपटायला धावला. हैबतीनं त्याचं मनगट धरलं.

"तुज्याच सारका एक जण अंगठी घिऊन आलता," तो म्हणाला. "तवा एक वाडी जळाली. तू खरा असशील, बाबा. पर त्योबी खराच वाटला हुता."

मग त्यानं माणसांना सांगितलं, ज्याला जायचं त्यानं जावं, मी कोणाला अडवणार नाही. सगळे पायांकडे बघत राहिले. फाटक्या कानाचा तो नवा माणूस आपल्या जागेवरून म्हणाला, "जायचं असतं तर बेलभंडार कशाला उचलला?" त्याचं एवढंच बोलणं जासुदाच्या ध्यानात राहिलं.

जासूद धावत परत फिरला, पण गडाशी पोचेतो दरवाजा लागला होता. गडाचा दरवाजा एकदा लागला की उजाडल्याशिवाय उघडत नाही, मग बाहेर किल्लेदाराचा बाप का असेना. तो दाराशी बसून ओरडत राहिला. कोणी दाद दिली नाही.

सकाळी दरवाजा उघडला, तेव्हा देवीपुढे नगारा वाजत होता. रुमाजीनं चांदीच्या कड्याची बरची हातात घेतली होती, मस्तकाला लावली होती. जासूद गर्दीतून घुसत पुढे आला आणि त्याच्या पायाशी कोसळला. "उठत न्हाईत हवालदार. म्हनतात, बरची उबी हाय."

रुमाजीनं पूर्वेकडे बघितलं. सूर्य हातभर वर आला होता.

तो तसाच पळत सुटला. नवी बरची हातातच राहिली, ठेवायचंही सुचलं नाही. दोन ठिकाणी पडला, गुडघे फुटले. त्याला पळताना बघितलेल्या धनगरांनी नंतर सांगितलं की तो सारखा ओरडत होता, "उठा, चला! उठा, चला!" त्याला वाटत होतं की आवाज तरी आपल्या आधी पोचेल. कुठला पोचतो!

तो खिंडीत आला तेव्हा उन्हं तापली होती आणि सारं संपलं होतं. गनीम दगा झाला म्हणून चिडून तुटून पडला होता, आणि खिंड ओलांडून खाली गेला होता. आडभिंतीपाशी माणसं पडली होती. कोणीही आपली जागा सोडली नव्हती. गडाकडे पळायला एकानंही पाठ फिरवलेली नव्हती. आणि मधोमध बरची उभी होती, गोंडा वाऱ्यानं हलत होता.

हैबती तेवढा जिवंत होता. बरचीशेजारी कातळाला पाठ लावून उभा. पोटाला शेला आवळून बांधला होता, तो सगळा भिजला होता. बसला नव्हता. रुमाजीला बघून त्यानं नवी बरची बघितली, ते चांदीचं कडं बघितलं.

"जुमलेदार झालात व्हय दाजी," तो म्हणाला. त्यात राग नव्हता म्हणे. तेच वाईट झालं. राग असता तर रुमाजीला सोसला असता.

"हैबती, बस रं. बस खाली."

"बरची उबी हाय. उपटा की आता."

रुमाजीनं हात घातला. ती एका हिसक्यात निघाली. एवढं सोपं काम होतं ते, हातभर वेळू वर ओढायचा! तो "उठा, चला" म्हणाला, आणि हैबती हळूहळू कातळावरून घसरत खाली बसला. बसला तो उठला नाही.

कुंभळवण्यातून लोक लाकडं घेऊन वर आले. सगळ्यांना इथंच अग्नी दिला. वाटलं, झालं. पण झालं नव्हतं. पुढे या खिंडीतून जाणारा वाटसरू काठी रोवून विसाव्याला थांबला, की त्याला उठवेना. पाय जड व्हायचे, छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं, आणि आजूबाजूला पुष्कळ माणसं श्वास रोखून उभी आहेत असं वाटायचं. काठी आडवी पडली की मोकळं वाटे. तेव्हा जाणत्यांना कळलं. ती माणसं गेलेली नाहीत. त्यांना उठायचा हुकूम मिळालेला नाही. ते 'उठा' एकट्या हैबतीनं ऐकलं. बाकीच्यांचे कान तोवर बंद झाले होते.

रुमाजी पुन्हा खिंडीत आला. त्यानं आपली जुनी बरची कातळाशी आडवी ठेवली आणि एकेकाच्या जागेवर जाऊन नावानं हाक मारली. गुणाजी, उठ, चल. धारोजी, उठ, चल. दर हाकेनंतर पाचोळ्यावर पावलं वाजायची, खिंडीतून खोऱ्याकडे उतरत जायची आणि विरायची. ज्याच्या त्याच्या गावाच्या दिशेनं, असं सांगतात. हैबतीचंही नाव त्यानं घेतलं, उगाच आपलं, राहायला नको म्हणून. एकोणपन्नास नावं झाली.

मग तो त्या टोकाच्या जागेवर गेला, जिथं त्यानं स्वतः 'नाव मग सांग' म्हणून एकाला उभं केलं होतं. तोंड उघडलं आणि नाव आलं नाही. येणार कुठून? मिशीतले पांढरे केस आठवले, फाटका कान आठवला. ज्यांना नाव माहीत होतं ती माणसं आत्ताच त्यानं स्वतः हाका मारमारून लावून दिली होती.

"नव्या, उठ, चल," तो म्हणाला. पाचोळा हलला नाही.

तेव्हा रुमाजी रडला. हैबतीपुढे नव्हता रडला, या बिननावाच्या माणसापुढे रडला. म्हणाला, "सांग रं बाबा आता. सांग नाव. मी ऐकतोय." पण मेलेला माणूस आपलं नाव सांगू शकत नाही, तेवढं दुसऱ्यानंच घ्यावं लागतं.

जुमलेदाराची बरची त्यानं देवीच्या पायाशी टाकली आणि परत हातात धरली नाही. मग तो गावोगाव फिरला. गडावर विचारलं, तर शिबंदी पांगलेली. नदीपलीकडच्या वाड्यांत दारोदार उभा राहून विचारायचा, "तुमच्या घरचा कोणी गेलेला परत यायचा राहिलाय का?" त्या धामधुमीच्या काळात कोणत्या घरचा राहिला नव्हता? प्रत्येक दारात बाई एकेक नाव सांगायची आणि त्याच्याकडे आशेनं बघायची. तो सारी नावं घोकत खिंडीत यायचा, एकेक हाक मारायचा, कान देऊन बसायचा. पावलं वाजली नाहीत.

घरी तो गेला नाही. भागूला काय सांगणार होता? तीच एक दिवस खिंडीखाली आली. वर चढली नाही, बोलली नाही. दगडावर भाकरी ठेवली आणि वळली. असं तिनं दर अमावस्येला केलं, मरेपर्यंत. माफ केलं होतं की नव्हतं, कोणाला ठाऊक. भाकरी मात्र चुकली नाही.

रुमाजी म्हातारा झाला, चालवेना, तेव्हा खिंडीतच झोपडी करून राहिला. येणाऱ्या प्रत्येकाला काठी आडवी ठेवायला लावायचा आणि म्हणायचा, "तुमच्या माहितीतलं एक नाव घ्या. घरातल्या कोणाचं, गावातल्या कोणाचं. त्याचंच असंल कदाचित." मरताना त्याला खाली न्यायला कुंभळवण्याची माणसं आली. त्यानं हात झटकला. "हवालदार शेवटाला उठतो," म्हणाला. "माझा एक मानूस अजून हुभा हाय." त्याच्यापुढे आमच्या मूळपुरुषानं शब्द दिला, की हाका बंद पडणार नाहीत. गनिमाचं राज्य गेलं, गड ओस पडला, पण त्या शब्दातून आम्ही काही सुटलो नाही.

आजही या खिंडीत कोणी काठी रोवत नाही. लग्नाची वरात इथून गेली तरी नवरदेव आधी उतरतो, कट्यार आडवी ठेवतो, एक नाव घेतो, मग पुढे जातो. आजही नवा माणूस आला की त्याला त्या टोकाच्या जागी नेतात. त्यानं आपल्या माहितीतलं एक नाव घ्यायचं, 'उठ, चल' म्हणायचं आणि गप्प उभं राहून ऐकायचं. मी माझ्याजवळची सगळी नावं केव्हाच संपवली. बापाचं, चुलत्यांचं, शाळेतल्या सोबत्यांचं, मतदारयादी वाचून झाली माझी इथं, हसू नका. एकदा पाचोळा वाजला होता. उडी मारून उठलो, तर साळिंदर.

म्हणून तुमच्यासारखी लांबची माणसं आली की मला बरं वाटतं. तुमच्याकडे आम्हाला ठाऊक नसलेली नावं असतात. चला, गूळपाणी झालं असेल तर उठा. तो तिकडे, बोरीच्या झुडपाजवळ. तिथंच उभा आहे तो.

तुमच्या पणजोबांचं नाव काय? आठवत नाही? मग घरी फोन लावा, वर कड्याच्या टोकाला रेंज येते, मी थांबतो. काय म्हणालात?

मग सांगतो? नाही हो. तेवढं सोडून काहीही म्हणा.